पाणी चाललं कोकणात

पहिला पाऊस पडला की लगेच मेसेज यायला लागतात, धबधबे सुरू झाले का गं, या रविवारी जाऊया का. आणि मी दरवेळी सांगते की थांबा, अजून नाही. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात घाटमाथ्यावर कितीही दणकून पडला तरी कडा कोरडाच असतो, फार तर एखादी काळी ओली रेघ दिसते आणि दुपारी ऊन पडलं की तीही वाळते. कारण आठ महिने तापलेली जमीन आधी स्वतः पिते. भेगा, वाळका पाचोळा, वारुळं, झाडांच्या मुळांभोवतीची पोकळी, खडकातल्या फटी, हे सगळं भरल्याशिवाय एक थेंब पुढे सरकत नाही. जूनच्या शेवटाकडे कधीतरी मग एका रात्रीत चित्र पालटतं. काल जिथे नुसता ओलसर उतार होता तिथे आज बांधाच्या पोटातून, पायवाटेच्या मधूनच, झाडाच्या बुंध्याखालून थंडगार स्वच्छ पाणी बाहेर यायला लागतं. आमचे मामा याला उपळ फुटली म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं असं की उपळ फुटल्याशिवाय धबधब्याला जाण्यात काही मजा नाही, त्याआधी जे पडतं ते नुसतं छपरावरून गळणारं पाणी.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नाहीत. माळशेज आणि नाणेघाटाच्या मधल्या पट्ट्यातल्या एका वाडीत राहतात, तिथल्या ओढ्याला पावसाळ्यात एक धबधबा तयार होतो आणि तो बघायला मी कितीतरी वर्षं जातेय. धबधब्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाडीला एकच वाट आहे, ती भातखाचरांच्या बांधावरून जाते, आणि तो बांध माणसांच्या रांगा सोसणारा नाही. एका सीझनमध्ये बांध फुटला की त्या घरचं वर्षाचं भात गेलं.

जुलैमधली ती सकाळची वाट मला धबधब्याइतकीच आवडते. निघताना धुकं इतकं असतं की पुढच्या माणसाच्या पाठीवरची सॅक तेवढी दिसते. खाचरात आवणी चाललेली असते, बायका ओळीने वाकलेल्या, डोक्यावरून पाठीवर प्लास्टिकचा कागद, हातात रोपांची जुडी आणि सगळ्यांचं बोलणं एकाच वेळी चालू. बांध संपला की कारवीचं रान लागतं. ही कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते, बाकीची सात वर्षं नुसती हिरवी, खरखरीत पानांची, माणसापेक्षा उंच, आणि वाट तिच्या मधून बोगद्यासारखी जाते. पाऊस थांबला असला तरी कारवीच्या आत तो थांबलेला नसतो, पानापानावरून ठिबकत राहतो. खाली बघत चालायचं, कारण वाटेवर छोटे खेकडे असतात, करड्या-केशरी रंगाचे, पायाचा कंप जाणवला की एक नांगी वर करून आधी उभे राहतात आणि मग तिरके तिरके दगडाखाली शिरतात. मी थांबून त्यांना जाऊ देते, आमच्या ग्रुपमधले काही जण यावर वैतागतात पण मला घाई करून तिथे पोचायचंच नसतं.

आणि आवाज. धबधबा दिसायच्या खूप आधी ऐकू येतो हे सगळ्यांना माहितीय, पण तो एकाच जागेवरून येत नाही हे चाललं की कळतं. वळणाला एकदम मोठा होतो, पुढच्या टेपाडामागे गेलं की जवळजवळ बंद, मग परत डाव्या हाताला. नवीन माणूस हमखास विचारतो की आपण चुकलो का. मधेच त्या सगळ्या घोंघाटातून कुणीतरी माणूस रमतगमत शीळ घालतोय असं ऐकू येतं, सूर धरतो, सोडतो, परत तिसराच पकडतो. तो शीळकरी कस्तूर. गडद निळा, ओढ्याच्या काठाने राहणारा पक्षी, आणि त्याचं घरटं ऐन पावसाळ्यात, पाण्याशेजारच्या खडकाच्या कपारीत. जिथे आपल्याला शेजारच्याला ओरडून सांगावं लागतं तिथे हा गाऊन दुसऱ्याला ऐकवतो.

वाटेत दोनदा ओढा ओलांडावा लागतो आणि इथे मामांचा शब्द शेवटचा असतो. ते पाण्यात पाय घालायच्या आधी नुसते उभे राहून बघतात, मी आता त्यांच्याकडून थोडं शिकलेय. पाण्याचा रंग बघायचा, नितळ आहे की चहासारखा झालाय. वरून पालापाचोळा, काटक्या येतायत का, आणि मघाशी येत नव्हत्या आणि आता यायला लागल्यात का. आवाज बदलला का, म्हणजे खळखळीच्या खालून जड, घरंगळल्यासारखा आवाज यायला लागला तर तळातले दगड हलतायत. यातलं एक जरी दिसलं तरी ओलांडायचं नाही, परत फिरायचं किंवा काठावर उंच जागी बसून राहायचं. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर कितीही धट्टाकट्टा माणूस असो, पाय उचलला की गेला. आपण जिथे उभे आहोत तिथे पाऊस नसणं याला काही अर्थ नाही, पाणी येतं ते वरच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरून, आणि वर काय चाललंय ते धुक्यात दिसत नाही.

यावर एक साधा हिशोब मी नेहमी सांगते. समजा धबधब्याच्या वर फक्त 1 चौरस किलोमीटरचं पठार आहे. घाटमाथ्यावर एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस ही जुलैमध्ये अगदी नेहमीची गोष्ट. तेवढ्याने त्या पठारावर 10 कोटी लिटर पाणी पडलं. आणि जमीन आधीच तुडुंब भरलेली असल्यामुळे यातलं बहुतेक सगळं वाट मिळेल तिथून निघतं, आणि वाट एकच, ती कड्यावरची खाच. त्यात तो 100 मिलिमीटर दिवसभरात सावकाश न पडता दोन तासांत पडला तर काय होईल ते सांगायला नको. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरला 24 तासांत जवळपास 600 मिलिमीटर पडला होता, त्या दिवसांत साताऱ्यापासून कोकणापर्यंत दरडी कोसळल्या. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं एकमेकांना धरून प्रवाहाच्या मधोमध उभी होती आणि पाण्याने त्यांना ओढून नेलं, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय, मला तो परत बघवत नाही. ते लोक आले तेव्हा तिथे घोट्याएवढंच पाणी असणार, मुलांना खेळवण्यासारखं. त्यांचं चुकलं असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण वरचं पठार केवढं आहे, पाणी किती वेळात खाली येतं हे त्यांना कोण सांगणार होतं? शाळेत आपल्याला नकाशात सगळ्या नद्यांची उगमस्थानं पाठ करायला लावतात, पण समोरच्या ओढ्याचं पाणी कुठून येतं हे बघायला कुणी शिकवत नाही.

असो. पोचूया धबधब्यापाशी.

आम्ही त्याच्या समोर, बऱ्याच लांब, एका मोठ्या दरडीवर बसतो. खाली डोहात जात नाही. पाण्याबरोबर वरून दगड येतात, मुठीएवढा दगडसुद्धा तेवढ्या उंचीवरून डोक्यात बसला तर खेळ संपला. शिवाय धबधब्याखालचं जे पांढरंशुभ्र फेसाळ पाणी असतं त्यात खूपशी हवाच मिसळलेली असते, त्यामुळे ते माणसाला नेहमीच्या पाण्यासारखं तरंगवत नाही, पट्टीचा पोहणाराही तिथे खाली जातो आणि वरून पडणारा लोट त्याला परत परत आत ओढतो. हे माहीत झाल्यापासून मला खाली उतरावंसं वाटलेलंच नाही, आणि खरं सांगायचं तर लांबूनच तो नीट दिसतो.

बघायची एक पद्धत आहे, करून बघा. सगळा धबधबा एकदम बघायचा नाही. अगदी वर, जिथे पाणी कडा सोडतं तिथे नजर ठेवायची, पाण्याचा एक लोळ पकडायचा आणि त्याच्याबरोबर नजर खाली आणायची. सुरुवातीला तो जाड, काचेसारखा असतो. मग कडेने त्याला झालरी सुटतात, लोळाची बाणासारखी टोकं होतात, ती टोकं एकामागून एक फुटत जातात, आणि निम्म्यावर येईपर्यंत त्याचा धूर झालेला असतो. 100 मीटरवरून दगड सोडला तर तो साडेचार सेकंदांत खाली येईल. पाणी तेवढ्यात येत नाही, फुटलेल्या पाण्याला हवा धरून ठेवते, आणि म्हणून असं नजरेने पकडलं की तो एकदम संथ वाटायला लागतो. इतका आवाज आणि इतकं संथ पडणं! हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी कितीतरी वेळ काही बोललेच नव्हते.

आणि वारा असेल तर तो खाली पोचतच नाही. नाणेघाटाचा उलटा धबधबा आता सगळ्यांना माहिती झालाय, पण उलटा होणारा तो एकटा नाही, कोकणच्या बाजूला तोंड असलेल्या कितीतरी कड्यांवर हे होतं. नैऋत्येकडून आलेला वारा सखल कोकण ओलांडून येतो आणि समोर एकदम शेकडो मीटरची भिंत. जायला जागा फक्त वर. तो भिंतीला घासत वर सुसाटतो आणि पडणारं पाणी उचलून परत पठारावर फेकतो. पाणी कड्यावरून जातं, वर उडतं, मागे पडतं, परत ओढ्याला मिळतं आणि परत कड्याशी येतं. अशा दिवशी मामा हसतात, म्हणतात आज जायचं मन नाही त्याचं.

धुकं थोडं वर गेलं की कड्याची भिंत दिसते आणि मग मला पाण्यापेक्षा भिंत बघायला आवडते. गोधड्यांची चवड रचून ठेवावी तसे थरावर थर. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला, मग काही काळ गेला, परत आला. आज जो दख्खनचा दगड उरलाय तोच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर आहे. प्रत्येक थराचा स्वभाव वेगळा. काही थर घट्ट, काळा, आवाज येणारा दगड. काही थर बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेले, ते लवकर झिजतात. आणि दोन थरांच्या मधे कधीकधी विटेच्या रंगाचा लाल पट्टा असतो, एका लाव्ह्यानंतर दुसरा यायच्या आधी जो काळ गेला त्यात वरचा भाग कुजून जी माती झाली ती पुढच्या लाव्ह्याखाली भाजून निघाली, असा तो पट्टा. पाणी पडताना हे सगळं वाचत पडतं. घट्ट थरावर खडा कडा, मऊ थरावर आत खोबण, परत कडा. म्हणून आपले धबधबे एका झेपेत कमी पडतात आणि टप्प्याटप्प्याने जास्त, आणि म्हणूनच बऱ्याच ठिकाणी पाण्याच्या पडद्यामागे जायला आयती गुहा असते.

मोठ्या लोटाच्या बाजूला, जिथे दगडावरून पाण्याचा नुसता पापुद्रा वाहत असतो, तिथे नाक लावून बघितलं तर दगड हलतोय असं वाटतं. ती पिल्लं असतात बेडकांची. इंडिराना नावाच्या बेडकांची पिल्लं डबक्यात राहतच नाहीत, ती उभ्या ओल्या दगडाला चिकटून असतात, दगडाच्याच रंगाची, लांब शेपटीची, मागचे पाय लवकर फुटलेली, आणि त्या पापुद्र्याएवढ्या पाण्यात शेवाळ खरवडून खातात. बोट जवळ नेलं की टुणकन उडी मारून वीतभर बाजूला जाऊन परत चिकटतात. म्हणजे बेडूकमासे, आणि दगडावर उड्या मारतायत! मी हे दाखवल्यावर माझ्या भाचीने पूर्ण धबधब्याकडे पाठ फिरवली आणि पाऊण तास तिथेच बसली, आणि मला वाटतं तिने त्या दिवशी आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त बघितलं.

तर अशाच एका जुलैच्या दिवशी आम्ही त्या दरडीवर बसलेलो, सगळे फोटो काढत होते, मीही काढत होते, आणि मामा डोक्यावरचा कागद सारखा करत शेजारी येऊन उभे राहिले. मी म्हटलं, मामा, काय भरलाय ना यंदा. ते म्हणाले, "व्हय ताई. आमचं पाणी चाललं कोकणात."

एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता, पाऊस पडतोय म्हणावं इतक्या सहज म्हणाले. पण त्या दिवसापासून मला धबधबा निव्वळ पडणारं पाणी असा दिसेना, जाणारं पाणी असा दिसायला लागला.

कारण ते खरंच आहे. घाटमाथा म्हणजे पाण्याची वाटणी. वाडीच्या मागच्या टेपाडावर पडलेला थेंब पूर्वेला वळला तर कुकडी नदीत, कुकडीतून घोड नदीत, मग भीमा, मग कृष्णा, असा अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात. आणि चार पावलं अलीकडे पडलेला थेंब कड्यावरून उडी मारून काळू नदीत, काळू उल्हासला, आणि वसईच्या खाडीतून अरबी समुद्रात. एकाला महिने लागतील, दुसरा दोन-तीन दिवसांत समुद्रात. वाडी नेमकी या दुसऱ्याच्या काठावर वसलीय.

म्हणून मग मी मे महिन्यात गेले. मामांनी नको म्हटलं होतं, काय बघायचंय उन्हात, पण मला ती जागा पाण्याशिवाय बघायची होती. कारवीची पानं गळून नुसत्या काठ्या उभ्या, ओढ्याच्या पात्रात आपण पावसाळ्यात ज्यांना वळसा घालतो ते धोंडे उघडे, त्यांच्यात गोल गोल रांजणखळगे, काही इतके गुळगुळीत की आत हात घालून फिरवत बसावंसं वाटतं. खळग्याच्या तळाशी तीन-चार गोटे पडलेले. याच गोट्यांनी भोवऱ्यात फिरत फिरत हा खळगा कोरला, कुकडीकाठी निघोजला तर असे केवढाले आहेत. मग कड्याच्या टोकाशी पोचले. जिथे जुलैमध्ये उभं राहायचा विचारही करवत नाही तिथे मी पोटावर झोपून खाली डोकावले. खाली डोहाच्या जागी वाळका चिखल, तडे गेलेला, त्यावर माकडांच्या पावलांचे ठसे. इथे धबधबा आहे म्हणून कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

आणि वाडीतल्या बायका त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला, पात्रात खणलेल्या एका डुऱ्यात, वाटीने पाणी भरत होत्या. वाटीने! एक वाटी काढायची, थांबायचं, परत थोडं झिरपलं की पुढची वाटी. हंडा भरायला किती वेळ लागत असेल ते मी तिथे बसून बघितलं, आणि ज्या हातांनी जुलैमध्ये पाण्यात उभं राहून आवणी केली तेच ते हात होते.

एवढा पाऊस पडून हे कसं, हा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर त्याच भिंतीत आहे. घट्ट बसाल्टच्या, म्हणजे याच थिजलेल्या लाव्ह्याच्या दगडाच्या, पोटात पाणी साठवायला जागाच नाही, आहे ती फक्त सांध्यांमध्ये आणि तडांमध्ये. भोकं असलेल्या थरांतलीही पुष्कळ भोकं खनिजांनी बुजलेली. लाल पट्टा चिकणमातीसारखा, तो पाणी खाली जाऊ देत नाही, आडवं फिरवतो आणि कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर सोडून देतो. वर माती वीतभर, आणि उतार असा की पाणी थांबायला तयार नाही. वर्षाचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर चार महिन्यांत पडून मोकळा. म्हणून महाबळेश्वरला सरासरी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडला तरी घाटमाथ्याच्या वाड्यांना एप्रिल उजाडला की टँकरची वाट बघावी लागते. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मुंबईची तहान तिथून भागते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. हे दरवर्षी पेपरात येतं आणि आपण दरवर्षी पान उलटतो.

जुन्या लोकांना हे पुरतं कळलं होतं असं मला नाणेघाटात जाऊन वाटतं. 2000 वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात तो घाट बांधला, सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेली गुहा बघायला सगळे जातात, पण वाटेवरची पाण्याची टाकी बघा. इतक्या पावसाच्या जागी त्यांनी छिन्नीने दगड फोडून टाकी खोदली, म्हणजे हे पाणी राहणार नाही, चाललंय, याची त्यांना खात्री होती. बाजूला उलटा धबधबा उडत असतो आणि इथे टाकीत ते गपगार भरून असतं.

मेमधल्या त्या फेरीनंतर मी धबधबा बघायची माझी वेळच बदलली. जुलैला जातेच, त्याशिवाय राहवत नाही. पण आता मला सगळ्यात जास्त आवडतो तो सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर, जेव्हा रील्सवाले निघून गेलेले असतात. सड्यावर सोनकीचा पिवळा रंग, ओलसर जागी सीतेची आसवं, निळी-जांभळी, इवलीशी आणि किडे खाणारी, आणि ओढ्याचं पाणी इतकं नितळ की तळातली प्रत्येक पानाची शीर दिसते. धबधबा आता बोलण्याइतक्या आवाजात पडतो. पडद्यामागे सगळा पावसाळा लपलेला खडक हळूहळू बाहेर यायला लागतो, आणि त्या खडकावर जे हिरवट-तपकिरी शेवाळासारखं काही असतं ते नीट बघा. ते शेवाळ नसतं. पोडोस्टेमेसी कुळातल्या फुलझाडांचं ते अंग आहे, मूळ-खोड-पान असं काही वेगळं न ठेवता दगडाला चिकटून चार महिने ते लोंढ्याखाली जगलेलं असतं. पाण्याची पातळी उतरली आणि हवा लागली की त्याला फुलं येतात, टाचणीच्या डोक्याएवढी, गुलाबी-पांढरी. मग काही दिवसांत बी धरतं आणि ते झाड दगडावरच वाळून जातं. ते बी धुळीसारखं बारीक, पण पुढच्या पावसात ओलं झालं की त्याला चिकटपणा येतो आणि ते तसंच दगडाला धरून ठेवतं. एवढ्या पाण्यात न वाहून जाणारी गोष्ट शोधायची तर ती ही. पहिल्यांदा भिंग लावून बघितलं तेव्हा मी मामांना हाक मारून दाखवलं, त्यांनीही डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "लहानपणापासून यावर पाय देऊन चाललो की."

त्याच दिवसांत आमचं दुसरं काम सुरू होतं, वनराई बंधाऱ्याचं. मोहन धारियांच्या वनराई संस्थेमुळे हा प्रकार गावागावांत पोचला, साधा आहे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या जमवायच्या, पात्रातलीच वाळू-माती त्यात भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडव्या रचायच्या, विटा रचतात तशा सांधा मोडून. पाऊस थांबल्यावर आणि ओढा आटायच्या आधी, म्हणजे नवरात्र ते दिवाळी, एवढीच मुदत. लवकर केलं तर परतीच्या पावसात वाहून जातो, उशीर झाला तर अडवायला पाणीच उरत नाही. आम्ही पाच-सहा जण शहरातून जातो, वाडीतली माणसं असतातच, आणि दिवसभर गोण्या भरून पाठ मोडते. पोरं सगळ्यात हौशी, ती पाण्यात उभी राहून गोणी हातोहात पुढे देतात. संध्याकाळी पाणी गोण्यांना टेकून वर चढायला लागतं, दोन बोटं, चार बोटं, आणि एक बाजू मुद्दाम थोडी खाली ठेवलेली असते तिथून जास्तीचं पाणी निघून जातं.

हा बंधारा काही मेपर्यंत पाणी पुरवत नाही, तसा दावा कुणी करू नये. पण त्याच्यामुळे वरच्या अंगाचा तो डुरा लवकर आटत नाही, गुरांना पाणी राहतं, दोन-तीन घरांचा वाल आणि हरभरा निघतो. आणि कड्यावरून जाणारी धार जी पूर्वी दिवाळीनंतरही महिनाभर दिसायची ती आता आधीच बंद होते. आमच्यातल्या एकाला याचं वाईट वाटलं, डिसेंबरमध्ये पाहुणे घेऊन आला होता तो, म्हणाला धबधबाच घालवलात की तुम्ही. मला अजिबात वाईट वाटत नाही. जुलै त्याचा आहे, सगळा त्याचा, त्याला कोण अडवणार. ऑक्टोबरनंतरचं पाणी वाडीचं.

यंदा मामा जागा बदलायची म्हणतायत. गेल्या वर्षी बंधाऱ्याखालून पाणी फार झिरपलं, तिथे तळाशी गोटे आणि वाळू आहे. त्यांच्या मते थोडं वर, जिथे पात्रात सलग काळा कातळ आहे तिथे घातला तर गळती थांबेल. माझं म्हणणं, तिथे काठ उथळ आहेत, बंधारा दुप्पट लांब करावा लागेल आणि तेवढ्या गोण्या आणायच्या कुठून. गणपतीच्या आधी एकदा दोघांनी जाऊन टेपने मोजायचं ठरलंय, आणि तोपर्यंत सोसायटीत ज्यांच्याकडे फ्लॅटचं काम चालू आहे त्या सगळ्यांना मी सिमेंटच्या गोण्या टाकू नका म्हणून सांगून ठेवलंय.